प्रादेशिक रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमर्जन्सी विभागात शिरलं की पहिलं जे टेबल लागतं, त्या टेबलावर मी परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. इथे येणारा माणूस घाबरलेला असतो, त्यामुळे विचारायचं ते राहून जातं आणि सांगायचं ते सुचत नाही. रोज कानावर पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून इथे सवडीने लिहिते आहे. घरात सगळं ठीक असताना एकदा वाचून ठेवा.

एक गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगते. त्रास नक्की किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा. शक्य असेल तर लिहूनच ठेवा. बाकी बरंच काही आम्ही तपासून काढू शकतो, पण ही वेळ कुठल्याच मशीनवर दिसत नाही.

कोणत्या त्रासासाठी थेट इमर्जन्सीत यावं?

छातीत दडपण किंवा जडपणा, आणि तो हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे सरकत असेल किंवा सोबत दरदरून घाम आणि मळमळ असेल. एक वाक्य पुरं बोलता येऊ नये इतकी धाप. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हाता-पायातली ताकद जाणं, अचानक बोबडी वळणं. शुद्ध हरपणं. पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट, किंवा पहिलीतून शुद्धीवर येण्याआधीच आलेली दुसरी. घट्ट दाबून धरूनही न थांबणारं रक्त. उलटीतून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच. मिनिटभरात टोकाला पोचलेली, आधी कधीच अशी न झालेली डोकेदुखी. गरोदरपणात रक्त जाणं. अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजायला लागणं. विष, किंवा कुठल्याही औषधाचा जास्तीचा डोस. या सगळ्यांत उद्याची वाट पाहू नका.

यातल्या काही गोष्टींवर थोडं थांबायला हवं, कारण चूक तिथेच होते.

हृदयविकाराचा झटका प्रत्येक वेळी छाती धरूनच येतो असं नाही. स्त्रिया, वयस्कर माणसं आणि मधुमेही यांच्यात कित्येकदा नुसती धाप, कमालीचा थकवा, घाम, नाहीतर पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता एवढंच असतं. "पित्त असेल" म्हणून रात्र काढलेली अशी माणसं आम्ही सकाळी पाहतो.

पॅरासिटामॉल जास्त घेतलेला माणूस पहिला दिवसभर ठणठणीत दिसू शकतो. बोलतो, हसतो, "मला काही झालं नाही, राहू द्या" म्हणतो. यकृताला होणारी इजा नंतर उघडी पडते. त्यावर अॅसिटिलसिस्टीन नावाचा चांगला उतारा आहे, पण तो पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सगळ्यात परिणामकारक ठरतो. म्हणून इथे "कसं वाटतंय" याला महत्त्व नाही. किती घेतलं आणि किती वाजता घेतलं, याला आहे.

आणि वयात आलेल्या मुलांच्या आई-बाबांसाठी: मुलाच्या वृषणात अचानक कळ आली तर तो लाजेने "पोट दुखतंय" एवढंच सांगतो. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण ६ तासांच्या आत तो सोडवला की वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. त्याला आडून आडून न विचारता सरळ विचारा.

मग इमर्जन्सीत कशासाठी येऊ नये?

नेहमीच्या गोळ्या संपल्या, आठवडाभराची कंबरदुखी, साधं सर्दी-पडसं, दाखला हवा आहे, जुना रिपोर्ट समजून घ्यायचा आहे. ही कामं बाह्यरुग्ण विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जास्त चांगली होतात, कारण तिथे तुमचा इतिहास माहीत असतो. तरीही ठरवता येत नसेल तर या. आल्यावर "उगाच आलात" असं म्हणायचा अधिकार आम्हाला नाही, आणि तुम्ही ते मनावरही घेऊ नका.

रुग्णवाहिका बोलवावी की आपल्याच गाडीने यावं?

छातीत दुखणं, धाप, पक्षाघाताची लक्षणं, बेशुद्धी, मोठा अपघात: रुग्णवाहिका. वाटेत हृदय थांबलं तर गाडी चालवणाऱ्याला फक्त वेग वाढवता येतो. रुग्णवाहिकेत विजेचा झटका देणारं यंत्र, ऑक्सिजन आणि ते वापरणारे हात असतात. शिवाय ते आम्हाला आधी कळवतात, त्यामुळे तुम्ही पोचता तेव्हा माणसं दाराशी उभी असतात. रुग्णाने स्वतः गाडी चालवत यायचं नाही, कितीही जवळ असलं तरी.

फोनवर सगळ्यात आधी तुम्ही कुठे आहात ते सांगा, काय झालं ते नंतर. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघालेली असेल. आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका. माणूस निपचित पडला असेल, हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहायला ते सांगतील. ते करा. बरगडी मोडेल ही भीती नंतरसाठी ठेवा.

रुग्णवाहिकेतून आलं म्हणजे नंबर पुढे लागतो, असं मात्र नाही. आत आल्यावर नियम सगळ्यांना एकच.

निघण्याआधी घरी काय करावं? काय अजिबात करू नये?

भाजलं असेल तर वाहत्या थंड पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा. दोन मिनिटं धरून "केलं" म्हणू नका, घड्याळ लावा. भाजल्यापासून ३ तासांच्या आत हे केलं तरी फायदा होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, कसलाही लेप नको. लेप लावलेली जखम किती खोल आहे हे बघायला आम्हाला तो आधी खरवडून काढावा लागतो, आणि ते पाहवत नाही.

बोट तुटलं तर तुटलेला तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर त्यातल्या पेशी गोठून मरतात.

पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरा. जमलं तर लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवून आणा. तासाभराच्या आत आलात तर बरं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

कुत्र्याने किंवा दुसऱ्या प्राण्याने चावल्यावर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा, मग निघा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, आणि वेळेत धुतलेली जखम अधिक लस यांनी तो टाळताही येतो. ओरखडा लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, वर दोरी आवळू नका. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, अंगठी, कडं, घड्याळ काढून टाका, कारण सूज चढते. साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

मुलाने बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी त्या क्षणी निघा. ती अन्ननलिकेत अडकली तर २ तासांत खोल इजा करू शकते. मूल खेळत असेल, रडत नसेल, तरीही. उलटी करवू नका.

फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि घड्याळ बघा. फिट थांबली की कुशीवर वळवा.

सोबत काय आणावं?

औषधं. यादी नाही सापडली तर सगळी पाकिटं एका पिशवीत ओतून आणा.

एकदा एक बाई आपल्या आईला घेऊन आल्या. आई गुंगीत, कपाळ घामाने ओलं. "साखरेची एक गोळी चालू आहे, आणि एक पांढरी, बीपीची," एवढं सांगता येत होतं. बोटाला टोचून साखर पाहिली, फार खाली गेली होती. ग्लुकोज सुरू केलं. मग मी पिशवी टेबलावर उलटी केली. कातरलेल्या स्ट्रिपा, काहींवर नाव अर्धवट फाटलेलं, मागच्या चंदेरी बाजूला फक्त तारीख उरलेली. दिव्याखाली एकेक फिरवून वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की दोन वेगळ्या नावांच्या, दोन वेगळ्या रंगांच्या पाकिटांत औषध एकच होतं, साखर कमी करणारं. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिलेलं. आई दोन्ही इमानदारीने घेत होत्या. ती पिशवी आली नसती तर साखर का उतरली हे कळायला खूप वेळ गेला असता. अशा गोळ्यांचा अंमल तासन् तास राहतो आणि साखर वर येऊन पुन्हा पडते, म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घ्यावं लागलं.

म्हणून स्ट्रिप कापताना नावाचा भाग शेवटपर्यंत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन, फिटची औषधं यांपैकी काही चालू असेल तर पहिल्या वाक्यातच सांगा. कशाची अॅलर्जी आहे ते सांगा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत असेल तर सांगा. आधीचा ईसीजी घरी असेल तर आणाच: आजच्या आलेखात दिसणारा बदल नवा की जुना, हे शेजारी ठेवून बघता येतं.

ओळखपत्र, चष्मा, ऐकण्याचं यंत्र, फोनचा चार्जर. दागिने आणि जास्तीची रोकड घरी ठेवा.

आम्ही आधी आलो होतो. त्यांना आधी आत का घेतलं?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो, बहुतेकदा रागाने, आणि तो राग मला समजतो. आपलं माणूस कळवळत असताना दुसऱ्याला आत जाताना बघणं सोपं नाही.

इथे रांग येण्याच्या क्रमाने लागत नाही, धोक्याच्या क्रमाने लागते. या पद्धतीला ट्रायाज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणं, वेगळं काढणं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक दोमिनिक जाँ लारे याने जखमींना हुद्दा न बघता, जखम किती गंभीर आहे ते बघून हाती घ्यायचा आग्रह धरला. आजच्या पद्धतीचं मूळ तिथवर सांगितलं जातं.

आज बऱ्याच ठिकाणी पाच पायऱ्या वापरतात. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये बसवलेली पद्धत त्यांतली एक: लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी १० मिनिटांच्या आत, पिवळा तासाभरात, हिरवा २ तासांत, निळा ४ तासांत. हे वेळेचं उद्दिष्ट असतं. गर्दीच्या रात्री हिरव्या आणि निळ्या रंगाच्या माणसांना त्याहून जास्त थांबावं लागू शकतं.

टेबलाशी आल्यावर मी दोन-तीन मिनिटांत तुमची नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, बोटावर क्लिप लावून ऑक्सिजन आणि ताप बघते, आणि काय होतंय ते विचारते. त्यावरून रंग ठरतो. वेदना त्यात धरली जाते, पण एकटी वेदना पुरत नाही. मोडलेल्या मनगटाला असह्य दुखतं आणि तरी माणूस तासभर सुरक्षित असतो. शेजारच्या खुर्चीवर शांत बसलेल्या, थोड्याशा पांढऱ्या पडलेल्या माणसाच्या पोटात रक्त साचत असू शकतं. बाहेर बसलेल्यांना हे दिसत नाही. आत काय चाललंय तेही दिसत नाही: बाहेर तीनच माणसं बसलेली असतात आणि आत सगळे डॉक्टर एकाच खाटेभोवती उभे असतात.

आणि हो, जास्त वेळ बसवलंय याचा एक अर्थ असाही असतो की तपासणीत तातडीचा धोका दिसलेला नाही.

वाट पाहताना त्रास वाढला तर?

उठा आणि सांगा. या पानावरची एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा.

तुम्हाला दिलेला रंग त्या क्षणापुरता असतो. मध्यंतरी आम्ही पुन्हा बघत असतो, पण गर्दीत राहून जाऊ शकतं. पोटदुखीसाठी आलेले एक गृहस्थ कोपऱ्यातल्या खुर्चीवर दीड तास बसले होते. मी सहज तिकडून जाताना पाहिलं तर ओठ फिकट, हाताला गार घाम. पत्नी म्हणाल्या, "मघापासून असंच होतंय, पण तुम्ही कामात होता, म्हणून हाक मारली नाही." ते वाचले. पण त्यांच्या त्या भिडेपायी गेलेली मिनिटं मला अजून टोचतात.

घाम फुटला, चक्कर आली, श्वास जड झाला, दुखण्याची जागा बदलली, माणूस झोपाळला किंवा असंबद्ध बोलायला लागला, मूल रडायचं थांबून मलूल पडलं: लगेच टेबलाशी या. भीड नको, माफी मागायला नको. "आधीपेक्षा वेगळं होतंय" एवढं म्हटलं तरी पुरे.

एकूण किती वेळ लागेल?

अर्धा दिवस हाताशी ठेवा. रक्ताच्या साध्या तपासण्यांनाही तास-दीड तास जातो, सीटी स्कॅनची रांग वेगळी, दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांना बोलावलं तर ते त्यांच्या हातातलं काम संपवून येतात. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांची सोय लावून या.

पाणी दिलं तर चालेल का?

डॉक्टरांनी बघेपर्यंत नाही. शस्त्रक्रिया किंवा भूल लागणार असेल तर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी घन पदार्थ ६ तास आणि साधं पाणी २ तास बंद ठेवतात, ते याचसाठी. पक्षाघाताच्या रुग्णाला तर घोटभर पाणीही नको: गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात आणि तो घोट श्वासनलिकेत उतरतो. ओठ ओल्या कापडाने पुसा. मधुमेह असेल, किंवा लहान मूल बराच वेळ उपाशी असेल, तर मात्र गप्प बसू नका. आम्हाला सांगा, आम्ही मार्ग काढतो.

वेदनाशामक घेतलं तर रोग झाकला जातो ना?

असा समज डॉक्टरांमध्येही पूर्वी होता. पोटदुखीच्या रुग्णाला निदान होईपर्यंत कळा सोसायला लावत. पुढे झालेल्या अभ्यासांतून दिसलं, की वेदना कमी केल्याने निदान चुकत नाही. उलट शांत झालेल्या माणसाचं पोट नीट तपासता येतं. म्हणून घरी पॅरासिटामॉलची नेहमीची गोळी घेतली असेल तर काही बिघडलेलं नाही. कोणती आणि किती वाजता, एवढं सांगा. इथे आल्यावर दुखत असेल तर मागा. सोसून दाखवण्याचं इथे कुणालाही बक्षीस नसतं.

तोच तो प्रश्न चार-चार जण का विचारतात?

आम्ही एकमेकांशी बोलत नाही असं वाटतं, कबूल आहे. पण पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही घाबरलेले असता. तिसऱ्यांदा सांगताना अचानक आठवतं, "हां, परवाही थोडं झालं होतं." त्या एका वाक्याने कित्येकदा उपचाराची दिशा बदलते. औषध देण्याआधी नाव आणि अॅलर्जी दर वेळी विचारतो ती चुकीचं इंजेक्शन चुकीच्या माणसाला जाऊ नये म्हणून.

"शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं?" असं का विचारतात?

पक्षाघाताच्या रुग्णाबद्दल हा प्रश्न येतो, आणि उत्तरावर उपचार ठरतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला की फायदा घटतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रक्तस्रावानेच झालेल्या पक्षाघातात हे इंजेक्शन घातक असतं, म्हणून आधी सीटी. काही निवडक रुग्णांत मोठ्या केंद्रात तारेने गुठळी ओढून काढता येते, आणि त्याची मुदत २४ तासांपर्यंत जाऊ शकते.

समजा वडील सकाळी सहाला उठले ते हात लुळा घेऊनच. तर सुरुवातीची वेळ सहा धरता येत नाही. रात्री दहाला ते नीट बोलून झोपले असतील तर घड्याळ दहापासून धरतात. पण रात्री तीनला ते स्वतः चालत बाथरूमला गेलेले कुणी पाहिलं असेल, तर तीनपासून! ते पाहणारा माणूस घरी राहिला असेल तर त्याला फोन लावा. ज्याने शेवटचं पाहिलं, त्यानेच सोबत यावं हे सगळ्यात उत्तम.

ईसीजी नॉर्मल आला, रक्तही नॉर्मल. मग घरी का सोडत नाहीत?

छातीत दुखत असेल तर पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढायचा, असा आमचा दंडक आहे. पण झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी साधा दिसू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात. म्हणून रक्त दोनदा घेतो, तपासणीच्या प्रकारानुसार १ ते ६ तासांच्या अंतराने, आणि आकडा चढतोय का ते बघतो. पहिला आकडा चांगला आला म्हणून निघून गेलेला माणूस अर्धी तपासणी करूनच गेलेला असतो.

तीव्र अॅलर्जीचंही तसंच. मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं की माणूस काही मिनिटांत सुधारतो, पण काहींना काही तासांनी, पुन्हा काही न खाता, तोच त्रास परत उठतो. म्हणून थांबवून ठेवतात.

लहान मुलांच्या बाबतीत वेगळं काय?

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर बाळ दूध पीत असलं, हसत असलं तरी आणा. एवढ्या लहान बाळात गंभीर संसर्गाचं दुसरं काही लक्षण दिसेलच असं नाही.

मोठ्या मुलात तापाच्या आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते बघा. ताप उतरल्यावर खेळतंय का? नजरेला नजर देतंय का? लघवी होतेय का? श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर होत असतील, अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही फिके पडत नसतील, तर क्षणभर थांबू नका. आणि आईला "हे नेहमीसारखं नाही" असं वाटत असेल तर ते तसंच सांगा. त्या वाक्याला मी वजन देते, अनुभवाने.

काही गोष्टी नातेवाइकांसमोर सांगता येत नाहीत.

मग एकांतात बोलायचंय म्हणा. कारण द्यायची गरज नाही, नातेवाइकांना आम्ही बाहेर पाठवतो. दारू किती, नशा कोणती, हे आम्ही विचारतो ते भुलेचा आणि औषधांचा हिशेब चुकू नये म्हणून. लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल आणि छातीत दुखतंय म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी दिली गेली, तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीचं पोट दुखत असेल तर गरोदरपणाची चाचणी आम्ही करतोच, लग्न झालं आहे की नाही हे न बघता, कारण गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ फुटला तर वेळ फार थोडा असतो. घरात मारहाण होत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर तेही इथे सांगण्यासारखंच आहे. ती इमर्जन्सीच आहे.

सोबत किती जणांनी यावं?

आत एक जण. जो सगळ्यात जास्त जाणतो तो, जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तो नाही. बाकीच्यांनी एकाच माणसाकडून खबर घ्यावी.

आम्हाला दुसऱ्या रुग्णालयात का पाठवताय? इथे उपचार नाहीत का?

"रेफर" हा शब्द ऐकला की चेहरे उतरतात, जणू आम्ही हात झटकले. प्रादेशिक रुग्णालयाचं काम दोन प्रकारचं असतं: जे इथे बरं करता येतं ते बरं करणं, आणि जे येत नाही ते वाटेत दगावणार नाही इतकं स्थिर करून योग्य जागी पोचवणं. मेंदूची शस्त्रक्रिया, चोवीस तास अँजिओप्लास्टी, मोठ्या भाजण्याचा स्वतंत्र विभाग, नवजात बाळांचं खास अतिदक्षता केंद्र, हे प्रत्येक रुग्णालयात नसतं.

पाठवण्याआधी श्वासमार्ग, रक्तस्राव, रक्तदाब सांभाळायचा असतो. काही वेळा तर उपचाराचा मोठा भाग इथेच उरकून पाठवतात. हृदयाची मुख्य वाहिनी बंद झालेल्या झटक्यात, अँजिओप्लास्टी साधारण १२० मिनिटांत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध इथेच देऊन मग हलवायचं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यामुळे "आधी तिकडेच जाऊ" म्हणून जवळचं रुग्णालय ओलांडून पुढे जाऊ नका.

विचारायचं ते हे: पलीकडे कुणाशी बोलणं झालंय, खाट आहे का, सोबत कोण येणार, कागद आणि सीटीच्या प्रतिमा कुठे आहेत. आपल्या गाडीने घेऊन निघू नका.

नेमकं काय झालंय ते न सांगताच घरी सोडलं. हे बरोबर आहे का?

होतं असं, विशेषतः पोटदुखीत. जीवघेणं काय असू शकतं ते शोधणं आणि ते नाही याची खात्री करणं, हे इमर्जन्सीचं पहिलं काम. नेमकं नाव मिळायला पुढची भेट लागू शकते. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तर पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही. म्हणून पट्टी बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा बोलावतात. त्या दिवशी जा. "दुखणं कमी झालं" म्हणून टाळू नका.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: कोणतं लक्षण दिसलं तर परत यायचं, कधी आणि कुणाला दाखवायचं, आणि घरची कोणती गोळी बंद किंवा बदललेली आहे. डिस्चार्जचा कागद समजला नाही तर तिथेच थांबवून वाचून घ्या.

डोक्याला मार लागून घरी सोडलं असेल तर पहिले २४ तास सोबत कुणीतरी हवं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही नीट न उठणं, असंबद्ध बोलणं, फिट, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव: परत या. झोपू द्यायचं की नाही, असं सगळे विचारतात. तपासून सोडलं असेल तर झोपू द्या, फक्त डॉक्टरांनी सांगितलं तसं मधून मधून हाक मारून बघा.

आम्हाला थांबायचं नाही, जाऊ का?

शुद्धीवर असलेल्या, समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या मोठ्या माणसाला आम्ही बांधून ठेवत नाही. पण न सांगता निघून जाऊ नका. सांगितलंत तर डॉक्टर धोका समजावतील, हाताला लावलेली सुई काढता येईल, निदान गोळ्या लिहून देता येतील. आणि तासाभराने मन बदललं तर परत या. कुणी जाब विचारणार नाही.

मध्यरात्र आहे. आत्ता यावं की सकाळपर्यंत थांबावं?

वरच्या पहिल्या उत्तरातलं काही दिसत असेल तर आत्ता. रात्री माणसं कमी असतात हे खरं, पण ईसीजी, ऑक्सिजन, रक्त, एक्स-रे आणि डॉक्टर असतात. घरच्यांना उठवायला संकोच वाटतोय, एवढ्याच कारणासाठी थांबू नका.

रात्री रुग्णालयाचं मुख्य दार बहुतेक ठिकाणी बंद असतं. इमर्जन्सीचं दार वेगळं असतं, रुग्णवाहिका उभी राहते त्या बाजूला. ते कुठे आहे हे एखाद्या दिवशी उजेडात पाहून ठेवा. रात्री आलात आणि बाहेर कुणी दिसलं नाही, तर बेल दाबा आणि दाराशीच थांबा. आत आम्ही जागे असतो.